झाकण उघडायचं नाही

सोलापुरात आमच्या गल्लीत कुणाकडं कार्य निघालं की हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, ढवळायला मला बोलावणं येतं. दहा किलो गव्हाची हुग्गी म्हणजे खेळ नव्हे. गूळ पडला की ती बुडाला धरायला बघते, आणि धरायच्या जरा आधी उलथन्याचा आवाज बदलतो. तो ऐकू यावा लागतो. मला येतो.

बायको शाळेत विज्ञान शिकवते आणि तिची शाळा सकाळची. त्यामुळं लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सकाळचा स्वयंपाक माझ्याकडं आहे. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, अकराला पोचलं तरी चालतं. तोवर ज्वारीच्या भाकरी, शेंगाची आमटी, एखादी कोरडी भाजी आणि तीन डबे एवढं उरकतं. भाकरी अव्वानं शिकवली. पहिले सहा महिने माझ्या भाकरीचा आकार बघून ती म्हणायची, हा नकाशा कुठल्या देशाचा? आता पै-पाहुणा आला तर बायको मुद्दाम मला परातीपुढं बसवते आणि पाहुण्याचं तोंड बघते.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं वाचून ह्या माणसाला स्वयंपाकातलं काही कळतच नाही असं कुणालाही वाटेल.

गेल्या मार्चमध्ये मुलीचा बारावा वाढदिवस होता. ती म्हणाली, "अप्पा, केक दुकानातला नको. तुम्ही करा." मी म्हणालो, त्यात काय अवघड आहे!

घरात अंडं येत नाही, म्हणून दह्यातला केक शोधला. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, थोडा व्हॅनिला. कृती वाचली आणि मनात म्हटलं, हे तर आपलं धिरडंच की, फक्त गोड. तिथंच चुकलो.

कप म्हणून चहाचा कप घेतला. आमच्याकडचे कप दोन लग्नांत आलेले, दोन मापांचे. मैद्याला एक आणि दह्याला दुसरा हाताला लागला. साखर बघून वाटलं, एवढी कशाला, म्हणून अर्धीच घातली. बेकिंग पावडर घरात नव्हती, पण सोडा होता. दोन्ही फुगवायलाच असतात ना? म्हणून सोडाच दीड चमचा टाकला. मग पंधरा मिनिटं जीव लावून फेटलं, भज्याचं पीठ फेटतात तसं, एका दिशेनं. आणि कळस म्हणजे ते पीठ तासभर झाकून ठेवलं. इडलीचं मुरतं, धिरड्याचं मुरतं, मग ह्याचं का मुरू नये?

कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं, वर रिंगण ठेवून त्यावर डबा ठेवला. आता खरी अडचण सुरू झाली. मी चुलीपुढं उभा, आणि करण्यासारखं काहीच नाही. ढवळायचं नाही, चाखायचं नाही, पाणी घालायचं नाही. पाच मिनिटं कशीबशी काढली आणि झाकण उचलून बघितलं. परत सात मिनिटांनी बघितलं. पाऊण तासात आठ वेळा तरी उचललं असेल.

जे निघालं ते कडेला तपकिरी, मध्ये खोलगट, आणि दाबलं की परत वर येईल असं चिवट होतं. चव साबणाची. शेजारच्या अक्का वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी आदरानं विचारलं, "ढोकळा केलात का?" मुलीनं एक तुकडा दुधात बुडवून खाल्ला. बिचारी. मग संध्याकाळी 'सात रस्ता' चौकाकडं जाऊन तयार केक आणला.

रात्री बायकोनं वर्ग घेतला. सोड्याला आंबट काहीतरी लागतं. दही आणि सोडा भेटले की लगेच वायू सुटायला लागतो. "तो वायू तासभर तुमची वाट बघत बसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही झाकून ठेवलंत तेव्हाच तो गेला." इडलीच्या पिठात जंतू रात्रभर काम करत असतात, वायू तयार होत राहतो. इथं तसं कुणी कामाला नसतं. वर सोडा जास्त झाल्यामुळं दह्याचा आंबटपणा संपला तरी सोडा उरला, त्याची ती साबणाची चव. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून एकाच्या जागी दुसरं चालत नाही. तीही ओलं झाल्यावर थोडं काम करते आणि बाकीचं गरम झाल्यावर.

फेटण्याबद्दल ती जे बोलली ते मला जास्त लागलं. ज्वारीला चिकटा धरणारं प्रथिन नसतं. म्हणून आपण उकळतं पाणी घालतो आणि तळहातानं रगडून रगडून मळतो. जितकं मळाल तितकी भाकरी तुटत नाही. मैद्याचं उलटं. त्यात ग्लुटेन असतं, आणि पाणी लावून जितकं ढवळाल तितकं ते ताणत जातं. पोळीला ते हवं, केकला नको. म्हणजे वीस वर्षांत हातानं जे कमावलं होतं, तेच ह्या कामात आडवं येत होतं. अव्वा असती तर म्हणाली असती, मळ अजून.

एप्रिलमध्ये नवी पेठेतून ओव्हन आणला. आता नीट शिकायचं ठरवलं होतं. ह्या वेळी लोण्याची बिस्किटं करायची होती. कृतीत लिहिलं होतं, लोणी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, मग साखरेबरोबर हलकं होईपर्यंत फेटावं. खोलीच्या तापमानाला! ज्यानं लिहिलं त्याची खोली २० अंशांवर असणार. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी माझं स्वयंपाकघर ३८ वर होतं आणि लोणी तर त्याच्या आधीच, ३२-३५ ला, पाणी व्हायला लागतं. फ्रिजमधून काढलं तेव्हा दगड, भांडी शोधेपर्यंत मऊ, साखर मोजेपर्यंत तेल. घट्ट लोण्यात साखरेचे खडे घुसतात आणि बारीक हवा अडकते. पातळ लोण्यात हवा अडकायला जागाच नाही. तरी केली. ताटात सोळा गोल मांडले होते, बाहेर काढली तेव्हा एकच आयत. मुलीनं सुरीनं चौकोन कापले आणि म्हणाली, "ह्याला शंकरपाळं म्हणू."

पुढच्या वेळी मी बेडरूममध्ये कूलर लावून, परातीत बर्फ घेऊन, त्यात भांडं ठेवून लोणी फेटायला बसलो. बायको शाळेतून आली, दारात उभी राहून बघत राहिली. काही बोलली नाही. नंतर कूलरचा ओलावा साखरेत शिरला, ती गोष्ट वेगळी.

भांड्यांचंही सांगायलाच हवं. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. आमटी-भाकरीला एक पातेलं, एक परात, एक तवा. ह्या कामाला चाळणी, तीन वाट्या, दोन चमचे, फेटणी, साचा, ब्रश, आणि सगळ्याला तूप-मैदा चिकटलेला. शेवटी घरात नियम झाला की केक पाणी यायच्या दिवशीच करायचा.

मे महिन्यात बायकोनं वजनकाटा आणून दिला. छोटा, इलेक्ट्रॉनिक, ताटाएवढा. तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी मैदा कपात दाबून भरतो तेव्हा तो १५० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि चाळून हलक्या हातानं भरला तर १२० च्या आसपास. एकाच कपात! कृती लिहिणाऱ्याचा कप २४० मिलिलिटरचा, आमच्या लग्नातला १८० चा. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटरही आणला. खटका १८० वर लावला तर आत २०५ दाखवत होता. म्हणजे इतके दिवस कडा का जळत होत्या, ते कळलं. कारखान्यात एक रुपयाचा फरक आला तर मी अख्खा दिवस शोधतो, आणि इथं पंचवीस अंशांकडं दोन महिने कानाडोळा केला होता.

आणि मग एकदा जमला. मैदा १८० ग्रॅम, दही २४०, साखर पूर्ण. साखर नुसती गोडीला नसते, ती ओलावा धरून ठेवते, हे तोवर शिकलो होतो. कोरडं आधी चाळून घेतलं, ओल्यात घातलं, पंचवीस-तीस वेळा फिरवलं आणि हात मागं घेतला. लगेच आत. दार उघडायचं नाही म्हणून मी सरळ बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. वायूचे बुडबुडे आधी फुगतात, त्यांच्या भोवतालचं पीठ नंतर शिजून घट्ट होतं. त्या मधल्या वेळात दार उघडलं की आतली ऊब जाते आणि कच्च्या भिंती बसतात. घर बांधताना सिमेंट ओलं असताना सेंट्रिंग काढल्यासारखं. पस्तीस मिनिटांनी सुई खुपसली, कोरडी निघाली. वर फुगलेला, आत जाळीदार. अक्कांना वाटी भरून दिला. त्यांनी नाव विचारलं नाही, म्हणजे केक ओळखू आला.

इथं थांबायला हवं होतं. पण आठ दिवसांनी घरात केशर आंबे होते. आता आंब्याचे दिवस असताना केकमध्ये रस घालायचा नाही म्हणजे काय? काट्यावर सगळं मोजलं, आणि मग शेवटी, कुणी बघत नसताना, वाटीभर रस ओतला. चांगलं होतं तर अजून चांगलं व्हावं, एवढीच इच्छा. आमटीत चिंच कमी वाटली की घालतोच ना आपण. केक वरून सुंदर झाला, पिवळाधमक. कापल्यावर मध्ये शिरा. रसातलं पाणी कुठं जाणार? बायको म्हणाली, "तुम्हाला येत नाही असं नाही. तुम्हाला राहवत नाही."

ते खरं होतं. माझा सगळा स्वयंपाक मधल्या दुरुस्तीवर चालतो. खारट झालं, उकडलेला बटाटा टाक. पातळ झालं, शेंगदाण्याचं कूट घाल. भाजी लागली, वरची हलक्या हातानं काढून दुसऱ्या पातेल्यात घे. मला स्वयंपाक येतो म्हणजे चुका झाकता येतात, असंही म्हणता येईल. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पंधरा पाहुणे जास्तीचे आले तरी माझी आमटी पुरते आणि कुणाला कळत नाही. ओव्हनचं दार बंद झालं की ही विद्या बाहेर राहते.

पावसाळ्यात ओव्हनवर कापड पडलं. दिवाळी जवळ आली तेव्हा मुलीनं नानकटाईचा विषय काढला, आणि मला लहानपण आठवलं. तेव्हा घरात ओव्हन कुणाकडं होता? दिवाळीच्या आधी बायका तूप, पिठीसाखर, मैदा डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या. तिथं पीठ मळून, पत्र्याच्या ताटांत गोळे मांडून रांगेत बसायचं. आपली ताटं ओळखू यावीत म्हणून अव्वा प्रत्येक गोळ्यावर एक शेंगदाणा दाबायची. भट्टीच्या दारात बसून त्या वासानं भूक लागायची आणि घरी गेल्याशिवाय एकही मिळायची नाही.

विजापूर वेशीकडं अजून एक लाकडाची भट्टी चालते असं कळलं. मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, घरचं तूप, पिठीसाखर, वेलदोडा घेऊन मी आणि मुलगी सकाळी गेलो. पीठ घरूनच मळून नेलं होतं. भट्टीवाल्या चाचांनी चिमटीत घेऊन अंगठ्यानं दाबलं. तडा गेला नाही, नुसतं पसरलं.

"लई मळलाय सायब. आणि तूप वितळवून घातलाव."

"ते कसं कळलं?"

"चमकायलंय बघा." बोटाला लागलेला तुपकटपणा त्यांनी मला दाखवला. रवाळ, घट्ट तूप साखरेबरोबर हातानं फेसायचं, पांढरं होईपर्यंत, आणि मैदा घातला की नुसता गोळा करून सोडून द्यायचा. त्यांनी माझ्या पिठात मूठभर कोरडा मैदा भुरभुरला, दोनदा दुमडलं, आणि ताट सावलीला ठेवून दिलं. "थंड होऊ द्या."

भट्टीत पाव चालले होते. मी काटा बरोबर नेला होता, तो पिशवीतून काढायची लाज वाटली, कारण चाचांच्या इथं काटाच दिसेना. पावाच्या पिठाचे गोळे ते हातानं तोडत होते आणि सगळे सारखे. मुलीनं गुपचूप आमचा काटा काढून तीन गोळे मोजले: ५२, ५१, ५२. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरीकडं बघितलं.

मला वाटत होतं, पाव निघाले की आमचा नंबर. पण पाव निघाले तरी चाचा बसूनच राहिले. म्हणाले, भट्टी अजून कडक आहे. आतला जाळ त्यांनी पहाटेच ओढून बाहेर काढला होता. विटांमध्ये जी ऊब साठलेली असते तिच्यावर दिवसभर काम चालतं. कडक असते तेव्हा पाव. उतरली की खारी. अजून उतरली की नानकटाई. आणि रात्री, शेवटच्या उबेवर, टोस्ट वाळतात. मध्येच त्यांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर फेकला. क्षणात काळा झाला. पंधरा मिनिटांनी परत फेकला, तो तपकिरी व्हायला आठ-दहा आकडे मोजावे लागले. "आता," ते म्हणाले, आणि लांब दांड्याच्या फळीवरून आमची ताटं आत सरकली.

मी वाकून आत बघायला गेलो तर त्यांनी फळी आडवी धरली. "आत गेल्यावर बघून काय करणार सायब? जे बघायचं ते बाहेर बघायचं."

नानकटाई चांगली झाली. वरचे तडे नीट, तोंडात विरघळणारी. श्रेय माझं नाही. त्या दोनदा दुमडण्याचं आणि पाऊण तास थांबण्याचं. चाचांनी मजुरी किलोवर घेतली. आम्ही त्यांच्यासाठी घरून शेंगाचटणी आणि चार कडक भाकरी नेल्या होत्या, त्या त्यांनी तिथंच पिशवीतून काढल्या, भाकरी मोडून चटणी लावून खाल्ली आणि विचारलं, कुठल्या दुकानातली? मी केली म्हटल्यावर हात थांबला.

"मला घरी चहा पण जमत नाही," चाचा म्हणाले. "बेगम म्हणते, भट्टीवर जा, इथं लुडबूड करू नका. ह्याचं माप लिहून द्या मला. शेंगा किती, लसूण किती, मीठ किती."

"मीठ अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

मी हसलो, पण ते हसले नाहीत. कागद पुढं केला होता त्यांनी, बिलाच्या मागचा.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी चटणी करायला घेतली. मुलगी वही घेऊन बसली. भाजलेल्या शेंगा ५०० ग्रॅम. सोललेला लसूण ४५. लाल तिखट ३०. जिरं ५. उखळात कुटताना शेंगांना तेल सुटलं, चटणी गोळा व्हायला लागली, इथवर सगळं काट्यात बसलं. मग उखळातून काढून भांडं काट्यावर ठेवलं आणि सवयीनं चिमटीनं मीठ घातलं. आकडा हलला नाही. दुसरी चिमूट. हलला नाही. तिसरीला एकदम ४ वर गेला. मुलगी म्हणाली, असं नाही अप्पा, आधी वाटीत घ्या, वाटी मोजा. तसं केलं, वाटीतलं घालत गेलो, वाटी परत मोजली. एकूण ११ आलं. तिनं वहीत लिहिलं, चाचांच्या कागदावर उतरवलं, कागदाची घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

ती हात धुवायला गेली तेव्हा मी चव बघितली आणि अजून एक चिमूट टाकली.